सोड, बिच्चु, फेड

आईचा उजवा हात गेला तेव्हा पहिल्यांदा अडलं ते झंपरच्या हुकांपाशी. जेवण डाव्या हातात चमचा धरून जमायला लागलं होतं, वेणी मी घालायची. पण सकाळी अंघोळीआधी ते पाच हुक! डाव्या हाताची बोटं एकेका हुकाशी झटायची, कापड ताणून धरायला दुसरा हात नाही, म्हणून हुक आणि कापड दोन्ही एकदमच सरकायचं. ती घामाघूम व्हायची. हुक, बटन, नाडी, पट्ट्याचं बक्कल, सगळी दोन हातांची कामं आहेत. एक हात धरतो तेव्हा कुठे दुसऱ्याला सोडता येतं. पन्नाशी उलटेपर्यंत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हाताबरोबर तिचं बोलणंही गेलं होतं. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेक माणसांची भाषाही त्याच भागात असते, म्हणून अर्धांगात उजवा हात लुळा पडला की पुष्कळदा शब्दही जातात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शब्द परत आले ते एकेक करून. नावं फार उशिरा आली, माझं नाव यायला दीड महिना लागला. त्याच्या कितीतरी आधी, दवाखान्यातून घरी आल्याच्या आठवड्यातच, ती एक शब्द स्पष्ट बोलली. “सोड.”

हुकाकडे बघत म्हणाली तर त्याचा अर्थ हुक काढ. मी तिचं मनगट धरलेलं असताना म्हणाली तर माझा हात मोकळा कर. आणि मी हट्टानं आणखी एक घास पुढे केला की “सोड” म्हणजे पुरे आता, राहू दे. एका शब्दावर ती दिवस काढत होती. अर्थ डोळ्यांतून समजून घ्यायचा.

मला शाळेला जावं लागायचं, म्हणून दिवसा एक बाई ठेवल्या. बैलहोंगलकडच्या. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायची आणि त्या आईला अव्वा. मराठी त्यांना सगळं कळायचं, बोलणं मात्र कन्नडमधून. पहिल्याच सकाळी त्यांनी गाऊनच्या गळ्याशी हात नेला आणि विचारलं, “गुंडी बिच्चलेनरी अव्वा?” बटनं सोडू का, अव्वा? आईनं मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या शहापूरच्या घरात त्या एका कामासाठी दोन क्रियापदं रोज कानावर पडायला लागली. सकाळी बिच्चु, रात्री सोड.

शहापूर तसं जुनं सरहद्दीवरचंच गाव. बेळगाव इंग्रजांच्या मुलखात आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात, अशी एकेकाळची वाटणी. विणकरांची वस्ती, गल्लीत मागांचा आवाज, बोलण्यात मराठी-कन्नडची सरमिसळ. अशा घरात वाढल्यावर दोन भाषांतले शब्द शेजारी शेजारी ठेवून बघायची खोड लागते. मला ती होतीच. आईच्या आजारपणात वाढली, कारण त्या दिवसांत शब्द मोजकेच होते आणि प्रत्येकाकडे नीट बघायला वेळ मिळत होता.

गुंडी हा शब्द घ्या. अक्कांनी म्हटलेली गुंडी माझ्या आज्जीचीही होती. “वरची गुंडी लाव की, गार वारं लागंल,” असं ती म्हणायची, तेव्हा तो कन्नड शब्द आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही, कारण तो मराठीही आहे. जुन्या मराठीत बंडीला, अंगरख्याला गुंड्याच असायच्या. बटन मागाहून आलं आणि आमच्या पिढीनं गुंडी टाकून दिली. खानापूरवरून घाट उतरून गोव्यात गेलं की तिथं त्याचं बुतांव होतं, पोर्तुगीज मागं ठेवून गेलेला शब्द. पन्नास-साठ मैलांत एका चकतीची तीन नावं.

पण नावांपेक्षा मला क्रियापदाचं जास्त वाटतं. बिच्चु हे मोठं नेमकं क्रियापद आहे. बांधलेलं, गुंडाळलेलं, मिटलेलं जे काही असेल ते उघडं करणं म्हणजे बिच्चणं. (हे मी आत्ता मराठी प्रत्यय लावून लिहिलं, आणि लिहिताना अजिबात परकं वाटलं नाही.) गंटु बिच्चु म्हणजे गाठ सोड. गंटु आणि गाठ दोन्ही संस्कृतातल्या ग्रंथीची लेकरं, दिसायलाही सारखी. केस सोडायला, गाठोडं उघडायला, अंगावरचे कपडे उतरवायलाही हेच. चित्रदुर्गाच्या पाळेगारांत, म्हणजे तिथल्या राज्य करणाऱ्या सरदारांत, एक भरमण्णा नायक होऊन गेले, त्यांना बिच्चुगत्ती भरमण्णा नायक म्हणतात. कत्ती म्हणजे तलवार, बिच्चुगत्ती म्हणजे म्यानातून बाहेर काढलेली तलवार. आपण तलवार उपसतो, ते ती ‘सोडतात’. आणि मनाबद्दलही हाच शब्द: मनसु बिच्चि माताडु. मन उकलून बोल. आपण मन मोकळं करतो. मोकळं हा शब्दही शेवटी मुक्त या शब्दाच्याच घराण्यातला, म्हणजे तिथंही कुठंतरी एक गाठ सुटलेलीच आहे.

मराठीत सोडणे ह्या क्रियापदावर फार मोठा बोजा आहे. हिंदीत छोड़ना वेगळं आणि खोलना वेगळं. मराठीतलं सोडणे हे छोड़नाचंच भावंड. छ जाऊन स येणं हे मराठीच्या रक्तातच आहे. छुरीची आपण सुरी केली, मच्छाचा मासा केला, तसंच छोड़चं सोड आणि छूटचं सुट. पण हिंदीत “गाँठ छोड़ दे” म्हटलं तर गाठ तशीच राहू दे असा अर्थ होईल. मराठीत “गाठ सोड” म्हटलं की बोटं कामाला लागतात. टाकून देणं आणि उकलणं ही दोन कामं आपण एकाच क्रियापदाच्या गळ्यात बांधली. म्हणून उपास सोडतात, गाव सोडतात, नाद सोडतात, पोथीचं बासन सोडतात, केस सोडतात. शेतात बैल दिवसभर राबले की संध्याकाळी औत सोडतात. माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. तिथं “औत सुटायच्या वक्ताला ये” असं म्हटलं की घड्याळ लागायचं नाही.

कन्नडमध्ये ही दोन कामं दोघांत वाटलेली आहेत. सोडून देणं, टाकणं, जाऊ देणं यासाठी बिडु. बांधलेलं उकलण्यासाठी बिच्चु. त्यामुळे आई “सोड” म्हणाली की अक्का क्षणभर थांबायच्या. बिडु की बिच्चु? दूर होऊ, की हुक काढू? मराठी माणसाच्या डोक्यात जो प्रश्न कधी उठतच नाही तो त्यांना रोज पडायचा. मग एके दिवशी त्यांनीच वाट काढली. आई “सोड” म्हणाली की त्या आपला तळहात तिच्या डाव्या हाताखाली धरायच्या. आईनं हात दाबला तर बिच्चु, ढकलला तर बिडु. मी बावीस वर्षं मास्तरकी करत आले, पण असं साधं आणि चोख काही मला सुचलं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा एकाच वाटेनं गेल्या आहेत, आणि ती जागा माझ्या धंद्यातली आहे. मी गणित शिकवते. “पुढील उदाहरणे सोडवा” हे वाक्य मी किती हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल. सोडणेपासून सोडवणे. आता कन्नड बघा. बिडुपासून बिडिसु, आणि कन्नड शाळेतली मुलं गणित करतात तेव्हा म्हणतात, लेक्क बिडिसु. हिशेब सोडव. कोडं म्हणजे ओगटु, आणि कोडं सोडवणं म्हणजे ओगटु बिडिसुवुदु. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड. घराणी वेगळी, पण दोघींनी ‘सोड’ला प्रयोजक रूप दिलं आणि दोघींना त्यातून उत्तर काढणं हाच अर्थ सापडला. शाळेत असताना कन्नडच्या तासाला हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बाईंना जाऊन सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, शेजारी शेजारी राहिलं की बिऱ्हाडातल्या वस्तू इकडच्या तिकडं जातात. कुणी कुणाकडून घेतलं याचा मी तेव्हापासून विचार करत नाही.

वर्गाबाहेर हे क्रियापद आमच्या भागात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते सीमाप्रश्नाबरोबर. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. 2014 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. बाबा रोज सकाळी पेपर उलगडताना म्हणायचे, “बघू, कवा सुटतोय.” मरेपर्यंत म्हणाले. मी त्यांना कधी बोलले नाही, पण मला ते वाक्य खुपायचं. सुटणे ह्या क्रियापदाला कुणी करणारा लागत नाही. पाऊस थांबतो तसा प्रश्न सुटेल, असं त्यात गृहीत असतं. सोडवणे म्हटलं की कुणीतरी सोडवणारा लागतो. वर्गात पोरं म्हणतात, “बाई, गणित सुटलं नाही.” मी म्हणते, सुटलं नाही म्हणू नकोस, मी सोडवलं नाही असं म्हण. पोरांना तो शिस्तीचा भाग वाटतो. मला तो व्याकरणाचा वाटतो.

आता बटनाकडे परत. कारण सोडणेचा एवढा पसारा असूनही बटनाला आपण सोडणे फारसं लावत नाही. बटन आपण काढतो. “शर्टाची बटनं काढ.” आणि शिंप्याच्या दुकानात “बटनं काढ” म्हटलं तर तो कात्रीच घेतो, आणि त्याचं चूक नाही. एकदा आईचा एक जुना स्वेटर मी ढिला करायला दिला. गळ्याशी घट्ट होतो, बटनं काढून बघा, असं सांगून आले. संध्याकाळी गेले तर सगळी बटनं कागदाच्या पुडीत आणि स्वेटर मोकळा. दुकानातला पोरगा कानकोंडा झाला. मी त्याला काय बोलणार? मराठीतच ते दोन्ही अर्थ एका शब्दात बसलेत.

एरवी मराठीचा नियम उलटा आहे. ज्या तऱ्हेनं बांधलंय त्या तऱ्हेचं सोडणारं क्रियापद. शिवण उसवतात. उसवायला सुईचं टोक लागतं आणि धीर लागतो, सोडण्यासारखं ते एका झटक्यात होत नाही. घडी उलगडतात. गुंता सोडवतात. पीळ उकलतो, कोडंही उकलतं. कडी काढतात, कुलूप उघडतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत नट खोलतात, तिथं कुणी नट सोडत नाही. जखमेचे टाके मात्र उसवत नाहीत, काढतात. टाके उसवले असं म्हटलं की घरात काळजी पसरते. आणि गाठीतही दोन जाती. सुरगाठ, जी एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ, जी ओढली की आणखी आवळते. परकराच्या नाडीला निरगाठ बसली की आज्जी म्हणायची, “ओढू नको गं. आण हिकडं, मी सोडतो.” (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना करतो, जातो, आलो असंच म्हणतात, पुण्याच्या लोकांना ते चुकीचं वाटतं, आम्हाला नाही.) ती गाठ आधी चिमटीत धरून चोळायची, मऊ करायची, मग दोन्ही बाजूंनी आत ढकलायची. निरगाठ ओढून कधीच सुटत नाही. दोर आत लोटला तर सुटते. हे मी वर्गात समीकरणं शिकवताना पोरांना अजून सांगते.

आणि मग आला तो तिसरा शब्द, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. अक्का गावी गेल्या होत्या. आईला इरकल नेसायची होती, हट्टच धरला. तोवर तिचं बोलणं बरंच सुधारलं होतं, तीन-चार शब्दांची वाक्यं यायची. मी तिला इरकल नेसवली, धाकटी बहीण आली, फोटो काढले. रात्री ती थकली. पलंगाच्या काठावर बसून म्हणाली, “फेड.”

मला कळेना. पैसे? कुणाचे द्यायचे राहिलेत? तिचा कुठं हिशेब होता का? मी विचारत राहिले आणि ती रागावत गेली. “फेड गं. फेड.” शेवटी तिनं डाव्या हातानं निऱ्या उपसल्या, तेव्हा मला उमगलं. लुगडं फेड.

हा शब्द मी तिच्या तोंडून वीस-तीस वर्षांत ऐकला नव्हता. तिच्या माहेरचा, तिच्या आईचा शब्द. शहरात आल्यावर तिनं तो ठेवून दिला असणार, आणि मेंदूनं बाकीचं हरवलं तेव्हा तळाशी ठेवलेलं वर आलं. फेडणे म्हणजे मुळात हेच: बांधलेलं, गुंडाळलेलं, लागलेलं दूर करणं. धोतर फिटलं असं आपण अजून म्हणतो, तिथं कुणाचं कर्ज फिटलेलं नसतं, कासोटा सुटलेला असतो. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, “मी अविवेकाची काजळी । फेडोनि विवेकदीप उजळीं”. तिथं फेडणे म्हणजे दिव्यावर धरलेली काजळी काढून टाकणं. सातशे वर्षांपूर्वी हा शब्द कपडा, काजळी, गाठ, पाप, सगळ्यांवरून फिरत होता. मग हळूहळू आपण तो ऋणापुरता ठेवला. कर्ज फेडणे, नवस फेडणे, उपकार फेडणे, पांग फेडणे.

कन्नडमध्ये कर्ज तीरिसतात. साल तीरिसु, म्हणजे कर्ज संपव. नवसही तीरिसतात. तिथं ऋण संपतं. आपल्याकडे ते सुटतं. ऋण म्हणजे माणसाला बांधून घातलेलं काहीतरी, अंगाभोवती गुंडाळलेलं, आणि ते द्यायचं म्हणजे एकेक वेढा काढत जायचं, अशी काहीतरी कल्पना ज्यांनी हा शब्द असा वळवला त्यांच्या मनात असली पाहिजे. आईबापाचे पांग फेडणे हे मी निबंधात किती वेळा लिहिलं होतं! मार्क मिळायचे त्याला. त्या रात्री मी आईच्या निऱ्या काढल्या, कमरेचा वेढा काढला, तिला जरा पुढं झुकवून पाठीमागून पदर सोडवला. डॉक्टरांनी सांगितलेलं लक्षात ठेवून: घालताना आधी लुळा हात, उतरवताना आधी धड हात. झंपरची बाही डावीकडून आधी काढली. नऊ वार नसलं तरी लुगडं लांबच असतं. घडी घालता घालता मला रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी लुगड्याचा पदर बघत बसले. इरकलच्या पदराची एक गंमत आहे. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात, आणि विणकर ते एकमेकांत फासे घालून जोडतात. तोपे तेनी म्हणतात त्या पद्धतीला. लुगडं विरलं तरी तो जोड सुटत नाही. आईनं पलंगावरून विचारलं, “काय बघालीस?” मी म्हटलं, काही नाही, पदर.

अक्का परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे लुगड्यालाही बिच्चुच. पण फेड हा शब्द त्यांनी उचलला. दुसऱ्या दिवसापासून “अव्वा, फेडलेनरी?” असं विचारायला लागल्या, मराठी धातूला कन्नड शेपूट लावून. आई हसायची. अर्धांगानंतरचं हसणं एका गालावरच राहतं, पण हसायची.

हुकांचा प्रश्न मात्र तसाच होता. आईला स्वतः सोडायचं होतं. दुसऱ्यानं आपले कपडे उतरवायचे हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं. शेवटी गल्लीतल्या शिंपीणबाईंनी उपाय काढला. त्यांनी झंपराचे हुक उसवून टाकले आणि दोन्ही बाजूंना नाड्या लावून दिल्या, पूर्वीच्या चोळ्यांना पुढे गाठ असायची तशाच. चोळीची गाठ नेहमी निरगाठ मारायची पद्धत. अक्का सुरगाठ मारायला लागल्या. एक टोक लांब ठेवायचं, आईच्या डाव्या हाताला लागेल असं. पहिल्या दिवशी तिला टोक सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चुकीचं टोक ओढलं आणि गाठ आवळली, अक्कांनी चोळून मऊ केली. मग अक्कांनी लांब टोकाच्या शेवटाला एक जुनी गुंडी शिवली, बोटांना चाचपता यावी म्हणून.

चौथ्या की पाचव्या रात्री मी तिच्या खोलीत दिवा मालवायला गेले. ती उठून बसली होती. नाडी मोकळी लोंबत होती.

“सुटलं?” मी विचारलं.

“सुटलं न्हाय,” ती म्हणाली. “मी सोडलं.”

मी जवळ जाऊन बसले. तिनं गुंडी चिमटीत धरून बघितली, मग डावा हात वर करून दाखवला, जसा लहान पोरं दाखवतात. लग्नात आमच्याकडे कंकण सोडायचा खेळ असतो. नवरा-नवरीच्या मनगटाला हळदीचं दोऱ्याचं कंकण, त्याला मुद्दाम अवघड गाठी मारतात, आणि दोघांनी एकेक हातानंच एकमेकांचं सोडायचं. आई बराच वेळ शब्द शोधत होती. तोंडाशी येऊन मागं जात होते. मी घाई केली नाही.

“तुझ्या बाबांचं कंकण,” ती म्हणाली. “एका हातानं. डाव्याच.”